मदत हवी आहे: बाल्डर्स गेट ३ मधील लाइफ डोमेन क्लेरिक

सप्रेम नमस्कार. मी मालवणचा असून, पावसाळ्यामुळे होडी किनाऱ्यावर ओढून ठेवल्यापासून दोन आतेभावांसोबत २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम खेळत आहे आणि उपचार करणाऱ्याची भूमिका माझ्याकडे आली आहे.

माझा क्लेरिक (दैवी शक्तीने मंत्र वापरणारे पात्र) पाचव्या लेव्हलवर आहे. लाइफ डोमेन या उपचारांवर भर देणाऱ्या उपशाखेमुळे जड चिलखत वापरता येते आणि प्रत्येक उपचारमंत्रातून, मंत्राच्या लेव्हलमध्ये दोन मिळवून येतील तितके हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) जास्त मिळतात. हीलिंग वर्ड हा मंत्र बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतील मुख्य ॲक्शनखेरीजची जादा कृती) १८ मीटरवरून पडलेल्या सोबत्याला उठवतो, त्यामुळे मुख्य ॲक्शन शिल्लक राहते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. क्युअर वूंड्स या दुसऱ्या उपचारमंत्रासाठी मात्र जवळ जाऊन मुख्य ॲक्शन खर्चावी लागते, आणि तेवढे भरून येईपर्यंत शत्रू त्याहून अधिक ओरबाडून नेतो. (थोरला आतेभाऊ आघाडीवर लढणारा बार्बेरियन असल्यामुळे मागे थांबणे त्याला मंजूर नाही.)

खरी अडचण कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे एकाग्रतेने एका वेळी असा एकच मंत्र टिकवता येण्याच्या नियमाची आहे. ब्लेस (सोबत्यांचे वार नेमके लागण्यास मदत करणारा मंत्र) आणि स्पिरिट गार्डियन्स (आपल्याभोवतीच्या शत्रूंना इजा करणारा मंत्र) एकाच वेळी टिकवता येत नाहीत, शिवाय स्पिरिट गार्डियन्ससाठी शत्रूंच्या घोळक्यात शिरावे लागते आणि तेथे घाव बसताच मंत्र तुटण्याची भीती असते.

चौथ्या लेव्हलला मी विझडम (क्लेरिकच्या मंत्रांची ताकद ठरवणारा गुण) वाढवले होते. खेळात अशा निवडी बदलून देणाऱ्या विदर्सला १०० सुवर्णनाणी देऊन ते बदलावे व वॉर कास्टर (घाव बसला तरी कॉन्सन्ट्रेशन टिकवायला मदत करणारे कौशल्य) घ्यावे काय? तसेच तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधी) उपचारांसाठी राखावेत, की सोबती पडल्यावरच त्याला उठवावे? जाणकारांनी कृपया स्वानुभवातून सांगावे.