स्टुटगार्टहून अर्धा दिवस: आई-बाबांना कुठे नेऊ?

गुळाची ढेप:
आई-बाबा साताऱ्याहून आलेत. शनिवारी संध्याकाळी घरी पाहुणे जेवायला आहेत, त्यामुळे सकाळी साडेनऊ ते दोन एवढाच वेळ हातात आहे. रोथेनबुर्ग हे प्रसिद्ध जुनं गाव लांब आहे, जाण्यायेण्यातच दिवस मोडेल. बाबांना काहीतरी जुनं बघायचंय ("मॉल दाखवू नकोस" अशी ताकीद मिळालीये). आईचे गुडघे दुखतात, शिवाय ती शाकाहारी. जवळचं एखादं जुनं गाव सुचवा ना.

रिकामटेकडा_७७:
ट्युबिंगेन! नदीकाठची रंगीत घरं फोटोत झकास येतात. चढ मात्र आहेत, काकूंना जमेल का बघा.

शेवग्याची शेंग:
ट्युबिंगेन पुढच्या वेळी. आत्ता एसलिंगेनला जा. मुख्य स्टेशनातून एस-१ ही लोकल पकडा, पाव तास-वीस मिनिटांत उतरता. मी या खोऱ्यात अकरा वर्षं राहतेय, सासर-माहेरचे मिळून आठ पाहुणे तिथे फिरवून झालेत, तेव्हा थोडा आगाऊपणा चालवून घ्या.

वस्ती नव्वद हजारांच्या वर, पण जुना भाग एवढासा. युद्धात स्टुटगार्ट बॉम्बफेकीत भाजून निघालं, हे शेजारचं गाव जवळपास जसंच्या तसं राहिलं. स्टेशनातून चालत आलात की इनेरे ब्र्युके हा जुना पूल लागतो. दोन्ही बाजूंना दुकानं, त्यामुळे आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. छोट्या चॅपेलपाशी कठड्यावरून वाकलं की खाली पाणी दिसतं.

शनिवारी चौकात भाजीबाजार असतो, तो दुपारी आवरतो, म्हणून आधी तिथे. बारा वाजता जुन्या टाऊन हॉलसमोर उभे राहा, २९ घंटांचं वादन ऐकायला मिळेल. या इमारतीचा पुढचा गुलाबी चेहरा हाइनरिश शिकहार्टने १५८६ ते १५८९ मध्ये चढवलेला आहे. मागून बघाल तर निव्वळ लाकडी सांगाडा. मला मागची बाजूच आवडते.

आणि मग हाफेनमार्क्ट नावाचा चौक. तिथली घरांची एक रांग १३२८ ते १३३१ मधली आहे, ही वर्षं लाकडातल्या वलयांवरून काढलेली. म्हणजे तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली, त्याच सुमाराची घरं. आमचे आप्पा इस्लामपूरचे, सुताराच्या घरातले. चर्च, किल्ला सगळं त्यांनी "हं, हं" करत पाहिलं आणि इथे जे थांबले ते हलेचनात. खिळा नाही, लाकडात लाकूड बसवून वर लाकडी खुंटी. पुढच्या गल्लीत एका घराच्या खांबावर हात फिरवता फिरवता त्यांना कोरलेल्या दोन-तीन रेघा लागल्या. पूर्वी इथले सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक लाकडावर खूण करायचे आणि मग तो उभा करायचे. खांबांच्या मधल्या चौकटीत काय भरतात, तर काठ्या विणून वर गवतमाती लिंपायची. आप्पा म्हणाले, "अगं, म्हणजे कुडाचीच भिंत की!" पुढचा अर्धा तास मी नुसती दुभाषी.

किल्ल्यावर जायला लाकडी छताखालचा पायऱ्यांचा जिना आहे. काकूंना नेऊ नका. आम्ही नेलं होतं सासूबाईंना; अर्ध्यातच बसल्या आणि माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलत होत्या. हवंच असेल तर टॅक्सीने वर जा, द्राक्षमळे छान दिसतात.

जेवणात माउलटाशेन (सारण भरलेले पिठाचे चौकोन) मागवलंत तर भाज्यांचं आहे ना, हे विचारून घ्या, मूळ पदार्थात मांस असतं. श्पेट्झ्ले (इथल्या मऊ नूडल्स) चीजमधली घ्या, तळलेला कांदा वर घालून देतात.

रिकामटेकडा_७७:
हाफेन म्हणजे बंदर ना? बंदर कुठलं तिथे?

शेवग्याची शेंग:
पुस्तकी जर्मनमध्ये बंदर. इथल्या श्वाबियन बोलीत हाफेन म्हणजे मडकं. तो मडक्यांचा बाजार. आपली कुंभार वेस समजा.

कोरडा_घसा:
बाबा "घेणारे" असतील तर चौकातच केस्लर आहे, १८२६ पासूनची, जर्मनीतली सर्वांत जुनी झेक्ट, म्हणजे फेसाळ वाईन, बनवणारी कंपनी. संस्थापक आधी फ्रान्समध्ये व्हव क्लिको या शॅम्पेन कंपनीत नोकरीला होता. इमारत मूळची श्पायर शहरातल्या चर्चची, मळ्यांतली वाईन साठवायचं कोठार. मी तर किल्ला, टाऊन हॉल सगळं सोडून तिथेच बसतो.

गुळाची ढेप:
जाऊन आलो! शेंगताई, बाबा खरंच त्या घरांसमोर खिळले, उठवून आणावं लागलं. केस्लरकडे "फक्त इमारत बघतो" म्हणाले आणि एक पेला रिचवून आले. आईचं मन बाजारात. छोट्या लाल मुळ्यांची जुडी घेतली, तर विक्रेता सवयीने पाला पिळून टाकायला लागला. आई ओरडली, "अहो, थांबा!" चक्क मराठीत. तो हात वर करून उभा. मग त्याने आधीच्या गिऱ्हाइकांचा टाकलेला पालाही पिशवीत भरून दिला, फुकट. संध्याकाळी पाहुण्यांना मुळ्याच्या पाल्याची भाजी होती.