शब्दचर्चा: लाज, शरम आणि लाजशरम

मंडळी, या वेळी कुलूपकिल्लीपासून सुरुवात करू. कुलूप मूळचं अरबी. तिकडे 'कुफ्ल', फारसीतून इकडे येताना 'फ' आणि 'ल' यांनी जागा बदलल्या आणि 'फ'चा 'प' झाला. (नुकसानाचं 'नुस्कान' करणारी जीभ तीच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात.) त्या कुलपात आपण फिरवतो ती चावी पोर्तुगीज, 'शावे'वरून आलेली. आणि किल्लीचं नातं 'कील' म्हणजे खिळा या शब्दाशी जोडतात. रोज दार बंद करताना अरबस्तान, लिस्बन आणि आपलं गाव अशी तिन्ही ठिकाणं हातात येतात.

व्युत्पत्तीची गोडी लागली की पहिला टप्पा असाच असतो. तूप कानडी 'तुप्प'वरून, अडकित्ताही कानडीच, बटाटा आणि पगार पोर्तुगीज, खुर्ची अरबी. माणूस जेवताना ताटातल्या पदार्थांची कुळं सांगायला लागतो आणि घरचे कंटाळतात. दुसरा टप्पा जरा धोक्याचा. मग 'आपला' शब्द कुठला आणि 'परका' कुठला याच्या याद्या सुरू होतात. ('यादी'सुद्धा फारसी 'याद'वरून आली आहे, हे याद्या करणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.) काही जण या टप्प्यावर कायमचे थांबतात. त्यांना पुढे ढकलायला जोडशब्दांसारखं औषध नाही, असं माझं मत आहे.

हे बघा: लाजशरम. लाज संस्कृत 'लज्जे'ची, शरम फारसी, अर्थ एकच. धनदौलत: धन संस्कृत, दौलत अरबी. रीतिरिवाज, मानमरातब, थट्टामस्करी यांतही पहिला शब्द इथला आणि दुसरा अरबी. कागदपत्र आणि बाजारहाट यांत उलटं: कागद आणि बाजार फारसीतून आलेले, पत्र आणि हाट इथले. बोलणाऱ्यांनी दोन भाषांमधले समानार्थी शब्द घेतले आणि निवड करायचीच टाळली. दोन्ही ठेवले, शेजारी शेजारी.

याचं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. बहमनी आणि नंतरच्या सुलतानशाह्यांत दरबाराची भाषा फारसी आणि रयतेची मराठी, म्हणून परका शब्द उच्चारला की लगेच ओळखीचा जोडून अर्थ सांगायचा, त्यातून या जोड्या पडल्या. ऐकायला छान आहे, पण पूर्ण पटत नाही. अर्थ सांगायचा असता तर कठीण शब्द आधी आणि सोपा नंतर आला असता. प्रत्यक्षात लाज आधी येते, शरम मागून. शिवाय मराठीला अशा जोड्यांची हौस मुळातच आहे. केरकचरा, काटेकुटे, भाजीपाला यांत कुणाला कसलं भाषांतर करून सांगायचं होतं? मला तर क्रम तालावर ठरलेला दिसतो. आखूड शब्द पुढे, लांब मागे: लाज-शरम, धन-दौलत, मान-मरातब. कागदपत्र आणि बाजारहाट हा नियम मोडतात, म्हणून त्याला नियम न म्हणता कल म्हणू.

जोडल्यावर अर्थही तिथल्या तिथे राहत नाही. कागदपत्र म्हणजे कागद अधिक पत्र नव्हे, तो दस्तऐवज. बाजारहाट म्हणजे जागा नव्हे, खरेदीचं काम: 'बाजारहाट उरकून येते.' लाज वाटते आणि शरमही वाटते, पण 'लाजशरम वाटली' असं सहसा म्हणत नाही. ती असते, नसते किंवा सोडलेली असते. 'काही लाजशरम आहे का?' यात जो जोर आहे तो नुसत्या लाजेत नाही.

आता शुद्धीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, मग आपण का नको? मुद्दा खरा आहे. ते राज्य नवं होतं, राज्याभिषेक १६७४चा, आणि स्वतःच्या सत्तेची भाषा उभी करणं ही राजकीय कृती होती. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पण पुढे काय झालं तेही बघावं. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये ते पद मिळालं आणि फारसी 'पेशवा'च लोकांच्या तोंडी राहिला. आज अस्सल मराठी थाट म्हणून जो मिरवतो त्याला आपण 'पेशवाई थाट' म्हणतो. मुजुमदार, डबीर, चिटणीस ही तर आडनावंच झाली. पदावरून काढलेले शब्द दारावरच्या पाटीवर जाऊन बसले.

विसाव्या शतकात सावरकरांनी पुन्हा ही मोहीम काढली. तिची फळंही दोन तऱ्हांची. 'महापौर' इतका रुजला की तो घडवलेला शब्द आहे हे सांगावं लागतं. 'दिनांक' मात्र अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात राहिला. कोर्टात अजून तारीखच पडते, लग्नाचीही तारीखच ठरते. 'पुढचा दिनांक पडला' म्हणणारा पक्षकार मी तरी ऐकलेला नाही. मूळ कळल्याने वापर बदलत नाही. वापर का टिकला याचं कुतूहल मात्र वाढतं, आणि मला तरी त्यातच जास्त मजा वाटते.

कुठून आला यापेक्षा येऊन काय केलं, हे तर त्याहून गमतीचं. 'शिकस्त' फारसीत पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करतात, म्हणजे हरण्याच्या जवळपास उलटं. 'राजीनामा' शब्दशः राजीखुशीचा, संमतीचा कागद. हिंदीत अजूनही तडजोडीच्या लेखाला तेच नाव आहे, आणि नोकरी सोडायची तर तिकडे 'इस्तीफा' लागतो. मराठी माणूस भांडून नोकरी सोडतो तेव्हाही राजीनामाच देतो! 'जुलाब'बद्दल तर विचारूच नका, मूळ शब्दात गुलाबपाणी आहे. हे कळल्यावर हे शब्द परके वाटायचे थांबतात. त्यांना आजचा अर्थ इथेच मिळाला, आपल्याच बोलण्यात.

जोड्या पाडण्याची ही सवय सुलतानशाहीबरोबर संपली नाही. इंग्रज आले, कोर्ट आलं, आणि आधीच मुरलेल्या कचेरीला चिकटून 'कोर्टकचेरी' झाली. इथेही आखूड पुढे.

तर कोर्टकचेरीसारखे आणखी शब्द हवे आहेत: एक अर्धं इंग्रजी, दुसरं जुनं, आणि दोन्हींचा अर्थ जवळपास सारखा. तुमच्या घरात, बाजारात, ऑफिसात खरोखर बोलले जाणारेच टाका, शक्यतो वाक्यासकट आणि गावासकट. 'फॅशनबिशन' आणि 'पेपरबिपर' चालणार नाहीत, त्यांतल्या दुसऱ्या अर्ध्याला स्वतःचा अर्थ नाही. 'चहाबिस्किट'ही बाद, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.