उसाच्या ट्रॉलीला मागून धडक : पुरावा म्हणून काय काय जमवू?

धोटेवाला :

माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर आहे. गेल्या गुरुवारी दुसरी पाळी संपवून रात्री पावणेबाराच्या सुमारास मोटारसायकलवरून गावाकडं येत होता. आमच्या हातकणंगले तालुक्यात सध्या रात्रभर उसाची वाहतूक चालते, ठाऊकच आहे. वळण संपल्या संपल्या दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आडवी फांदीसुद्धा टाकलेली नाही. हा थेट मागच्या ट्रॉलीवर. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

मी सकाळी सातला जागेवर गेलो तर ट्रॅक्टर गायब. रस्त्यावर चार कांडकी, पाला आणि चाकाला लावलेले दोन मोठे दगड. कुणी आदळू नये म्हणून मीच ते उचलून कडेला टाकले. फोटो काढायचं तेव्हा सुचलंच नाही. रात्री भावाला उचलणाऱ्या पोरांपैकी एकानं मोबाईलवर फोटो काढलाय, त्यात ट्रॅक्टरच्या नंबरातले शेवटचे तीनच आकडे दिसतात.

ठाण्यात गेलो तर तोंडी सांगितलं, मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, उगाच स्वतःवर केस ओढवून घेऊ नका. दवाखान्याच्या केसपेपरवर "गाडी घसरून पडला" असं लिहिलंय. गाडी गॅरेजला आहे, फिटर म्हणतो आठवड्यात उभी करून देतो. आज पाचवा दिवस. भाऊ मजुरी रोखीत घेतो, पगाराची चिठ्ठी नाही. सुरुवात कुठून करू?

—

सडेतोड :

मागून धडकलेला दोषी, हा सरळ हिशेब आहे. विमा कंपनी वर्षानुवर्षं फिरवेल आणि रुपया देणार नाही. ट्रॅक्टरवाल्याशी चार माणसांत बसून मिटवा.

—

वारणाकाठची बाई :

सडेतोडभाऊ, चार माणसांत बसून आमचंही मिटलं होतं. पंधरा हजारांत. नंतर प्लेट बदलायचं ऑपरेशन एक लाख दहा हजारांचं निघालं आणि ती चार माणसं फोन उचलेनात. शेवटी दावा लावलाच. आमचा निकाल लागला त्यात मिस्टरांचा चौथा हिस्सा दोष धरला आणि तेवढी रक्कम कापली. म्हणजे मागून धडकूनही तीन हिस्से पदरात पडले. अंधारात दिव्याशिवाय उभ्या केलेल्या गाडीचा दोष न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, मोजतं, पण ती तशी उभी होती हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

दादा, हे वाचून होताच आधी गॅरेजला फोन करा. एक नटसुद्धा खोलू नका म्हणावं. गाडीची तपासणी आरटीओचा निरीक्षक करतो आणि त्याचा अहवाल कागदपत्रांना लागतो. विमावाल्यांचा वकील पहिला प्रश्न विचारणार, "तुमचा हेडलाईट चालू होता का?" आमच्या गाडीचा दिवा मेकॅनिकनं बदलून जुना भंगारात टाकला होता. साक्षीला उभं राहिल्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या गाडीचा फुटका दिवा, वाकलेला हँडल, पुढचं चाक, सगळ्याचे फोटो काढा आणि ती तशीच झाकून ठेवा. हेल्मेटही. धुऊन पुसून माळ्यावर टाकू नका, त्यावरचा ओरखडा तुमच्या कामाचा आहे.

दुसरं, आता ट्रॅक्टर. तो गेला कुठं? भरलेली गाडी कुणी घरी नेत नाही, ऊस वाळला की वजन घटतं. तो पंक्चर काढून कारखान्यावरच गेला असणार. तिथं काट्यावर वजन झालं, पावती निघाली. पावतीवर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, तारीख, वेळ असते. त्या रात्री तुमच्या रस्त्यावरच्या कुठल्या फडात तोड चालू होती, ते टोळीचा मुकादम नाहीतर पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी पाच मिनिटांत सांगेल. ज्याचा ऊस होता त्या शेतकऱ्याकडं पावतीची प्रत असते. त्याच्याशी भांडायला जाऊ नका, त्याचं काही चुकलेलं नाही. चहा घ्या, पावती दाखवा म्हणा, फोटो काढा. आम्हाला नंबर असाच सापडला होता. पूर्ण नंबर मिळाला की गाडीची नोंदणी आणि विमा चालू आहे का ते परिवहनच्या ॲपवर दिसतं. ट्रॉल्यांचे नंबर वेगळे असतात, तेही टिपा. ट्रॅक्टर शेतीच्या नावावर आणि वाहतूक भाड्यानं, असं असलं की विमा कंपनी हात झटकायला बघते. म्हणून मालक आणि विमा कंपनी दोघांनाही दाव्यात धरतात.

केसपेपरचं मला सगळ्यात वाईट वाटलं. "घसरून पडला" हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा सोबत आलेला घाबरलेला माणूस पोलिसांचं लचांड नको म्हणून तसं सांगतो. डॉक्टर लिहिलेलं खोडणार नाहीत आणि खोडायला लावूही नका, खाडाखोडीनं आणखी संशय येतो. भाऊ शुद्धीवर आहे तर त्याच्या तोंडून उभ्या ट्रॉलीला धडकल्याचं सांगून आजच्या तारखेची नवी नोंद करून घ्या. ज्यानं आधी माहिती दिली त्याचं नाव लिहून ठेवा, पुढं त्याचा जबाब लागेल.

औषधांची बिलं मूळ आणि भावाच्या नावाचीच घ्या. मेडिकलवाला घाईत नाव न घालता पावती फाडतो. माझी तशी अकरा बिलं वाया गेली.

—

निवृत्त अंमलदार :

ताईंनी बरंच सांगितलंय, मी फक्त ठाण्याचं बोलतो. एकतीस वर्षं तिथं काढली.

भाऊ दवाखान्यात आहे म्हणून थांबू नका, फिर्याद तुम्ही देऊ शकता. लेखी न्या, तोंडी बोलून परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाहीच घेतली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, कायद्यात ती सोय आहे. भारतीय न्याय संहितेत निष्काळजी वाहन चालवण्याला कलम २८१ आहे, सार्वजनिक रस्त्यात अडथळा करण्याला २८५. मोटार वाहन कायद्यात तर कलम १२२ नेमकं यासाठीच आहे : वाहन किंवा ट्रेलर धोका होईल अशा जागी उभं करू नये. फिर्यादीत "अपघात झाला" एवढंच लिहू नका. रस्ता कुठला, वळणापासून किती पावलांवर, डांबरावर किती आणि साईडपट्टीवर किती ट्रॉली होती, मागं काय नव्हतं, ते लिहा. गुन्हा नोंद झाला की पहिल्या खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत फुकट मिळते.

घटनास्थळ पंचनाम्याला स्वतः हजर राहा. ते दगड अजून कडेला पडलेले असणार. जिथून उचलले ती जागा दाखवा, आणि उचलले मीच हे प्रामाणिकपणे सांगा. लपवलंत तर उलटतपासात तेच अंगाशी येईल. चाकाखालचे दगड म्हणजे गाडी चालती नव्हती, उभी होती, याची खूण.

वाटेत पंप, धाबा, दूध डेअरी जे असेल तिथला कॅमेरा आजच बघा. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीची, डिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं, कुठं पंधरा दिवसांत, कुठं त्याआधीच. मालकाला लेखी अर्ज द्या, तपास अधिकाऱ्यालाही द्या. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या, ही घड्याळं सर्रास चुकीची असतात. कोर्टात ते चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्या पोरानं काढलेला फोटोही त्याच्या मोबाईलमध्ये मूळ रूपात राहू द्या, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. त्याला सांगा की जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ त्यासाठीच आहे.

नुकसानभरपाईच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. जुने लोक "मुदत नसते" म्हणतात, ते ऐकू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो.

मजुरीचं म्हणाल तर भावाच्या यंत्रमाग कारखानदाराची हजेरी वही आणि सोबतच्या दोन जॉबरांची साक्ष. मालक वहीचा फोटो देतो का बघा, हिशेबाच्या भीतीनं बरेच देत नाहीत.

—

धोटेवाला :

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताई आणि काका. तीन दिवसांत झालं ते सांगतो.

गॅरेजवाल्यानं फक्त सीट काढली होती, वाचलो. दगड सापडले, एकाला टायरचं काळं लागलंय. पंचनाम्यात आले. पंपाच्या कॅमेऱ्यात भाऊ ११:५२ ला जाताना दिसतो, हेडलाईट चालू, हेल्मेट डोक्यात. पण डीव्हीआर अकरा मिनिटं पुढं आहे, काकांनी सांगितल्यामुळं दोन्ही घड्याळांचा फोटो घेतला. त्याच चित्रणात त्याच्या तासभर आधी दोन ट्रॉल्या जाताना दिसतात, मागं मिट्ट काळोख, एकही लाल ठिपका नाही.

शेतकरी आमच्या मावशीच्या गावचाच निघाला. पावती दाखवली, काट्यावर वजन पहाटे ३:४० ला. नंबराचे शेवटचे तीन आकडे जुळले. यंत्रमागाच्या मालकानं मात्र हजेरी वही द्यायला नकार दिलाय, बघू.

आज संध्याकाळी ट्रॅक्टरचा मालक दवाखान्यात आला होता. सफरचंदं आणली आणि स्टॅम्पपेपर. "माझ्या ट्रॅक्टरमुळं झालेल्या अपघाताबाबत वीस हजार मिळाले, काही तक्रार नाही" असं लिहिलंय. भाऊ सही करायला निघाला होता, आईनं पेन काढून घेतलं. कागद इथंच ठेवून गेलाय, उद्या न्यायला येतो म्हणाला.

—

वारणाकाठची बाई :

सही नाही करायची. सफरचंदं भावाला द्या, कागद उद्या परत करा. पण आज रात्रीच त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. "माझ्या ट्रॅक्टरमुळं" हे त्यानं स्वतःच लिहून आणलंय.