बी.ए. पहिलं वर्ष: ओपन इलेक्टिव्ह कोणतं घ्यावं?

मी केज तालुक्यातली. मेजर, म्हणजे मुख्य विषय, इतिहास. फॉर्मवर मेजर, ओई (ओपन इलेक्टिव्ह, आपण निवडायचा जादा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एईसी (भाषा-क्षमता), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) असं कायकाय आलंय. ओईत राज्यशास्त्र टाकलं तर पोर्टल घेईना. नेटकॅफेवाला म्हणतो, "कायबी टाका, चालतंय." शंभर रुपये मात्र घेतले! पप्पा खुरपणी सोडून दोनदा आले, आता परत चला कसं म्हणू?

लातूरची ताई: कायबी टाकू नको गं! ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच लागतं. इतिहास अन् राज्यशास्त्र दोन्ही मानव्यविद्येतले, म्हणून अडतंय. कॉमर्स नाहीतर सायन्सचं बघ. मी मराठी मेजर असून बँकिंगचं घेतलं होतं. पीककर्जाच्या व्याजाचा हिशोब आता घरी मीच सांगते. सत्राचे २० ते २२ क्रेडिट (विषयांचे श्रेयांक) भरतात का मोज. हे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, एबीसी आयडी, डिजिलॉकरवरून फुकट निघतो.

एक प्राध्यापक: बरोबर. २०२३ च्या शासन निर्णयातच आहे ते. बाळा, वेळापत्रकही बघ. दुपारचा तास घेतला की गावाकडची एसटी चुकते.

केजवाली: वाणिज्यचं मिळालं, सकाळचं. आईच्या मोबाइलवरून भरलं. पप्पा रानातच आहेत.