हेल्मेट कोपरात होतं म्हणून तुटलेल्या पायाचे पैसे कापायचे?

रिंगरोडवाला:
आधी मामेभावाची केस सांगतो, मग तुमचं मत द्या. मागच्या उन्हाळ्यात नागपुरात मानेवाडा चौकाच्या अलीकडे एक कारवाला राँग साइडनं आला न याच्या बाईकला समोरून ठोकलं. पायाची नळी दोन जागी तुटली, आत रॉड टाकला, चार महिने घरी बसून. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. पण हेल्मेट डोक्यावर नव्हतं, कोपरात अडकवलं होतं, आणि पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. आता कारच्या इन्शुरन्स कंपनीचा वकील म्हणून राहिला की अर्जदाराचाही निष्काळजीपणा आहे, भरपाईतून २० टक्के कापा. हेल्मेटनं पायाची नळी वाचली असती का? नियम मोडला तर त्याचा दंड घ्या ना, १००० रुपये, लायसन्स ३ महिने सस्पेंड, कायद्यात आहे ते. भरपाईत हात कायले घालता?

प्रतापनगरचा काका:
भाऊ, राग समजतो पण मला पटत नाही. आपण कायदा पाळायचा नाही आणि त्याच कायद्यानं पूर्ण भरपाई द्यावी म्हणायचं, हे कसं जमेल? कंपनी पैसे कुठून देते, सगळ्यांच्या प्रीमियममधूनच ना. मी ३० वर्षं गाडी चालवून राहिलो, मे महिन्याच्या ४५ डिग्रीत पण हेल्मेट काढलं नाही. इथं पोट्टे चौकात पोलीस दिसला की घालतात न पुढच्या चौकात काढतात. थोडं कापलं जाते हे माहीत झालं तरच अक्कल येईल.

रिंगरोडवाला:
काका, घरून निघताना कोणी भरपाईचा हिशोब करून हेल्मेट काढून ठेवते का हो? ज्याले १००० च्या चलानची भीती नाही वाटली त्याले ट्रिब्युनलच्या, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाच्या, २० टक्क्यांची काय वाटणार, ते त्याले माहीतच नसते. आणि आकडा पाहा. समजा २० लाखाचा क्लेम, २० टक्के म्हणजे ४ लाख. म्हणजे ४०० चलान एका वेळी, आणि तेही त्या घरातून जिथं कमावता माणूस खाटेवर पडून आहे. ज्या चुकीची किंमत कायद्यानंच १००० ठरवली तिचे ४ लाख कसे काय होतात?

नाइट ड्यूटीवाली:
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे म्हणून लिहून राहिली. परवा एक पोट्टं आणलं, वय असेल २२-२३, अंगावर एक ओरखडा नाही, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती, फक्त कानातून रक्त. हेल्मेट त्याच्या मित्राच्या हातात, बेल्ट लावलाच नव्हता त्यामुळे पडताना ते आधीच निघून गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये बेल्ट बांधलेलाच पाहिजे असं लिहिलंय, नुसतं डोक्यावर ठेवून चालत नाही. तुमच्या भावाचं पाय तुटलं, ठीक आहे, तिथं नका कापू. पण डोक्याला मार लागलेला असला न हेल्मेट नसलं तर तो मार कोणामुळे वाढला हे कोर्टानं विचारायलाच नको का? कारवाल्यानं ठोकलं हे खरं, पण कवटी उघडी ठेवली ती आपण. मी रोज पाहते म्हणून मला हे सोपं वाटत नाही.

काळाकोट, बर्डी:
ताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. दोन प्रश्न वेगळे आहेत, अपघात कोणामुळे झाला आणि इजा कशामुळे वाढली. राँग साइडचा बाईकवाला असेल तर तिथं कपात बरोबरच, कारण अपघातच त्यानं घडवला, वर्धा रोडला यू-टर्न वाचवायले उलटे येतात ते सगळे यात आले. पण नियम मोडला एवढ्यानंच कपात होत नाही. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात ट्रिपल सीटची केस होती, मागून कारनं ठोकलं होतं, हायकोर्टानं १० टक्के कापले होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, तिघं बसले हा कायद्याचा भंग आहे, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय कापता येत नाही, आणि ते १० टक्के परत दिले. लायसन्स नसलेल्या पोराच्या केसमध्येही २००८ मध्ये हेच, लायसन्स नाही म्हणजे आपोआप निष्काळजी असं नाही. भावाच्या वकिलाला हे दोन्ही निकाल केसमध्ये जोडायला सांगा.

प्रतापनगरचा काका:
निकाल मान्य. पण मग हेल्मेट नाही, डोक्याले मार, तिथं तरी कापलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

काळाकोट, बर्डी:
काका, तिथंही किती हे अंदाजानं नको. जो कपात मागतो त्यानं डॉक्टर साक्षीला आणावा, हेल्मेट असतं तर हा फ्रॅक्चर टळला असता का ते सांगावं. होते असं की पंचनाम्यातली एक ओळ दाखवली न वीस-पंचवीस टक्के मागितले.
आणि बाकीच्यांसाठी, क्लेम टाकायला उशीर करू नका, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आली आहे. दुसरं, बाईकची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरती, असली तर स्वतःच्या चुकीनं पडल्यावर मागं बसलेल्या बायकोचा खर्च त्यात येत नाही, अर्ध्या लोकांना हे अपघात झाल्यावर समजते.

रिंगरोडवाला:
पॉलिसीचं मलेही माहीत नव्हतं, आजच घरचे कागद काढून पाहतो.
ताई, डोक्याच्या माराबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं, त्या पोट्ट्याचं वाचून मग मघाशी लिहिलं तेवढ्या जोरात आता नाही म्हणू शकत. पण माझ्या भावाच्या डिस्चार्ज कार्डवर हेड इंज्युरी निल असं पेनानं लिहिलंय, शिक्क्याच्या बाजूला. त्याच कार्डाची झेरॉक्स कंपनीच्या वकिलाकडेही आहे, तरी २० टक्के मागून राहिला.

नाइट ड्यूटीवाली:
मग ज्या डॉक्टरनं ते लिहिलं त्याचंच नाव साक्षीदारांच्या यादीत टाका. आणि नुसत्या झेरॉक्सवर नका राहू, रेकॉर्ड रूममधून सर्टिफाइड कॉपी काढा, अर्ज दिला की मिळते.