मदत हवी आहे : ताळेबंदातील विसंगतीची तक्रार कोणाकडे आणि कशा शब्दांत करावी?

नमस्कार. मी बडोद्याचा. एका सरकारी उपक्रमाच्या लेखा विभागातून निवृत्त झालो असल्यामुळे ताळेबंद वाचता येतो, पण शेअर बाजारातील तक्रारींचे मार्ग मला वरवरच माहीत आहेत. प्रश्न माझ्या काकूंच्या शेअरचा आहे. काका गेल्यानंतर नामनिर्देशनानुसार जे शेअर काकूंच्या डीमॅट खात्यात आले, त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या एकाच मध्यम आकाराच्या कंपनीत गुंतलेली आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझा संशय चुकीचा ठरला तर विनाकारण बदनामी होईल, आणि खरा ठरला तरी नाव येथे लिहून काही साधणार नाही.

मी अहवाल उघडून बसलो तो भावामुळे. गेल्या वर्षी रोज पाच टक्क्यांचे अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव चढण्याची कमाल मर्यादा, लागत भाव अडीचपट झाला. शेअर बाजाराने खुलासा मागितला, तेव्हा जाहीर न केलेली कोणतीही माहिती आपल्याकडे नाही, असे दोन ओळींचे उत्तर कंपनीने दिले. शेअर काही काळ एएसएमच्या, म्हणजे अतिरिक्त देखरेखीच्या यादीत राहिला आणि बाहेर पडला. त्याच सुमारास कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या मोबाइलवर टेलिग्रामच्या कुठल्याशा गटातून याच शेअरची ‘टार्गेट’, म्हणजे भाव कुठवर जाईल याची भाकिते, येऊ लागली. ज्यांनी आयुष्यभर टपाल खात्याच्या योजनांपलीकडे पाहिले नाही, त्यांनीही थोडे थोडे शेअर घेतले. भाव कोण चढवत आहे हे मला घरबसल्या सिद्ध करता येणार नाही, याची जाणीव आहे; तो भाग तपास यंत्रणांचा. हिशेब मात्र माझ्यासमोर छापलेले आहेत.

चार वर्षांत विक्री 118 कोटींवरून 212 कोटींवर गेली, परंतु ग्राहकांकडील येणी 24 कोटींवरून 121 कोटींवर पोहोचली. म्हणजे पूर्वी सुमारे 74 दिवसांच्या विक्रीचे पैसे बाहेर असत, आता 208 दिवसांच्या विक्रीचे आहेत. या चार वर्षांचा एकत्रित निव्वळ नफा 58 कोटी दाखवला आहे आणि त्याच काळात प्रत्यक्ष कामकाजातून आलेली रोकड उणे 9 कोटी आहे. मुदतीच्या मध्येच लेखापरीक्षकांनी ‘अन्य कामांच्या व्यग्रतेमुळे’ राजीनामा दिला. संबंधित पक्षांच्या, म्हणजे प्रवर्तकांशी लागेबांधे असलेल्यांच्या, टिपेत नसलेल्या एका मोठ्या ग्राहक कंपनीची माहिती मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहिली, तर तिची स्थापना तीनच वर्षांपूर्वीची आणि नोंदणीकृत पत्ता प्रवर्तकांच्या एका जुन्या खासगी कंपनीचाच निघाला. हा योगायोगही असू शकतो, एकाच इमारतीत अनेक कार्यालये असतात.

माझ्या मते सर्वांत ठोस मुद्दा येण्यांच्या वयाचा आहे. 2021-22 पासून येणी किती काळ थकलेली आहेत याचा तक्ता ताळेबंदासोबत द्यावा लागतो. त्यात 117 कोटी ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’ या रकान्यात आहेत. शेवटच्या सहा महिन्यांची विक्री मात्र 96 कोटीच आहे. तिच्यावर 18 टक्के जीएसटी धरला तरी 113 कोटी होतात, आणि तेही सहा महिन्यांत एका ग्राहकानेही एक रुपया दिला नाही असे मानले तर.

दुसरा मुद्दा रोकडीचा. 31 मार्चला बँकेत 41 कोटी दाखवले आहेत आणि वर्षभराचे व्याजाचे उत्पन्न 35 लाख, म्हणजे एक टक्काही नाही. उलट कंपनीने सुमारे साडेदहा टक्के दराने 60 कोटींचे अल्पमुदतीचे कर्ज घेतलेले आहे. सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात, ताळेबंदातील 5,361 कोटींच्या रोकडीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत, अशी कबुली दिली होती. तेथे निदान 376 कोटींचे खोटे व्याजही दाखवण्याचे कष्ट घेतलेले होते. येथे तेवढेही दिसत नाहीत.

वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने झाली. काकूंच्या नावाने वक्ता म्हणून नोंदणी करून, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून हाच प्रश्न विचारवला. ‘आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे, ईमेलने उत्तर देऊ’ असे सांगण्यात आले. दोन महिने उलटले, उत्तर नाही.

आता मदत हवी आहे ती अशी. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर तक्रार केल्यास ती प्रथम त्याच कंपनीकडे जाते आणि तिला उत्तरासाठी 21 दिवस मिळतात, असे समजले. हिशेबांविषयीची तक्रार अशा मार्गाने करण्यात अर्थ आहे का? की लेखापरीक्षकांविरुद्ध वेगळीकडे जावे? आणि आणखी एक, जे मला अधिक टोचते आहे : तक्रारीपूर्वी काकूंचे शेअर विकावेत का? सर्व माहिती प्रकाशित कागदपत्रांतील असल्याने कायद्याची अडचण नसावी, परंतु ते शेअर कदाचित कमाटीबागेतल्याच कोणाच्या तरी गळ्यात पडतील. काकूंचे म्हणणे सरळ आहे : ‘तुझ्या काकांनी पारखून घेतलेत, तू हात लावू नकोस.’

प्रतिसाद

धागाकर्त्यांस नमस्कार. मी इंदूरला लेखापरीक्षणाच्या व्यवसायात आहे. आपण सर्वांत ठोस मानलेला मुद्दा मागे घ्यावा, असे सुचवतो. त्या तक्त्यातील कालावधी बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर पैसे देय झाल्याच्या तारखेपासून मोजतात. उधारीची मुदत 90 दिवसांची असेल, तर ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’ या रकान्यात नऊ महिन्यांपूर्वीचे बिलही बसते. हा मुद्दा अग्रभागी ठेवलात तर कंपनी एका वाक्यात तो खोडेल आणि उरलेली तक्रारही त्याच्याबरोबर वाहून जाईल.

व्याजाचा मुद्दा खरा भक्कम आहे, मात्र तोही अपुरा आहे. केवळ मार्चअखेरीस पैसे जमा करून एप्रिलमध्ये काढले, तरी व्याज कमीच दिसेल. नोंदणीकृत कंपनीला सप्टेंबरअखेरची मालमत्ता व देणीही जाहीर करावी लागतात, ती तपासा.

स्कोअर्सवर ‘घोटाळा’ हा शब्द लिहू नका. पुराव्याविना केलेले आरोप आणि भावाविषयीची नाराजी तेथे तक्रार म्हणून धरली जात नाही. सभेत विचारलेला प्रश्न आधी कंपनीला लेखी पाठवा, कारण कंपनीशी आधी संपर्क साधलेला असणे आणि एका वर्षाच्या आत तक्रार करणे, या दोन्ही अटी आहेत. उत्तर समाधानकारक नसेल तर 15 दिवसांत फेरविचार मागता येतो; पहिला शेअर बाजाराकडे, दुसरा सेबीकडे. आपल्या बाबतीत उपयोग आहे तो या पायऱ्यांचा, कारण कंपनीचे गुळमुळीत उत्तर तोवर कागदावर आलेले असते. लेखापरीक्षकांच्या कामाविषयीची तक्रार, कंपनी नोंदणीकृत असल्याने, 2018 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाकडे करता येते. टेलिग्रामवरील संदेशांची तारीख-वेळ दिसेल अशी चित्रे आजच जपून ठेवा. असे गट एका रात्रीत पुसले जातात.

शेअर विकण्याविषयी मी काही सांगणार नाही. ते काकूंचे आहेत.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. देय तारखेची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. इतकी वर्षे हिशेबात घालवून ही चूक झाली, याची थोडी लाजही वाटली. सप्टेंबरचे आकडे काढले : बँकेत 38 कोटी. त्याआधीच्या मार्चला 36 कोटी. तेव्हा रक्कम केवळ वर्षअखेरीस येऊन जाते असे म्हणता येत नाही. ती वर्षभर बिनव्याजी चालू खात्यात असेल, तर साडेदहा टक्क्यांचे कर्ज कशासाठी, एवढाच प्रश्न पृष्ठक्रमांकांसह काकूंच्या सहीने कंपनी सचिवांना आज स्पीड पोस्टाने पाठवला. येण्यांचा परिच्छेद वगळला.

बागेतल्या मंडळींना मी विकत घ्या किंवा विका असे काहीच सांगितले नाही. व्याजाचे आणि कर्जाचे पान मात्र छापून नेले आणि बाकावर ठेवले. दोघांनी वाचले. तिसऱ्याने भाव विचारला.