नवीन शॉवरला पाण्याचा जोर नाही: पंप घ्यावा का?

प्रश्न (फोंडा तालुका)

नमस्कार. आमच्या कौलारू घराच्या मागील बाजूस नुकतीच स्लॅबची न्हाणी बांधून घेतली असून तिच्यावर लोखंडी स्टँड करून ५०० लिटरची टाकी बसवली आहे. आत आठ इंची सपाट तोंडाचा शॉवर लावला, परंतु त्याच्या मधल्या भोकांतून पाणी नुसते निथळते आणि कडेची भोके कोरडीच राहतात. त्याच भिंतीवरचा बादलीचा नळ मात्र धो धो वाहतो. प्लंबर शॉवरला दोष देतो आणि दुकानदार प्लंबरला. टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून साधारण दीड मीटर उंच आहे. एरवी टाकी सरकारी नळाने भरते, उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आले की विहिरीचे चढवतो. जोर वाढवणारा छोटा पंप घ्यावा असे घरात ठरत आले आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर (डिचोली)

आपण दिलेल्या एका मापातच निम्मे उत्तर आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीला सुमारे १ बार (दाबाचे एकक) दाब मिळतो, म्हणजे दीड मीटरला जेमतेम ०.१५ बार आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पाव बारच्या आसपास. बादलीचा नळ शॉवरपेक्षा दीडेक मीटर खाली असल्यामुळे त्याला याच्या जवळजवळ दुप्पट दाब मिळतो, शिवाय त्याचे तोंड मोकळे असते. म्हणून तो धो धो वाहतो यावरून शॉवरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पावसासारखी धार देणाऱ्या मोठ्या शॉवरांना बहुधा १ बारच्या आसपास दाब लागतो. ते अनेक मजली इमारतीत किंवा हॉटेलात शोभतात. बैठ्या घराच्या टाकीवर ते लावण्याची हौस गोव्यात अलीकडे फार वाढली आहे आणि त्यांना एवढा दाब लागतो हे दुकानदार आपण होऊन सांगत नाहीत.

तरीही पैसे खर्चण्यापूर्वी शॉवरचे तोंड पान्ह्याने काढा आणि भिंतीतून येणाऱ्या दांडीतून पाणी बादलीत सोडा. धार भरून आली तर अडथळा तोंडात आहे, बारीक आली तर मागच्या पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये. तोंड जिथे दांडीला जोडले जाते तिथे रबरी वॉशर आणि त्यात बारीक जाळी असते. नव्या कामात तिथे टेफ्लॉन टेपचे तुकडे, पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा भुसा आणि सिमेंटची कच हमखास अडकते. काही शॉवरांत पाणी वाचवण्यासाठी लहान भोकाची प्लास्टिकची चकती बसवलेली असते. एवढ्या कमी दाबावर ती काढून टाकलेलीच बरी.

उत्तर (पेडणे)

वरील मताशी सहमत आहे. फक्त टाकीपासून खाली येणारी वाहिनी अर्धा इंची आहे की पाऊण, तेही पाहावे. पाऊण इंची पाइपाचे तोंड अर्ध्या इंचीच्या सुमारे सव्वादोन पट असते. त्याने मूळ दाब वाढत नाही, परंतु वाटेत वाया जाणारा वाचतो, आणि मुळातच दाब तोकडा असताना प्रत्येक एल्बोचा (पाइपाच्या वळणाच्या जोडाचा) हिशेब लागतो. गरम पाण्याचाच जोर कमी असेल तर गीझरच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह तपासावा.

उत्तर (मडगाव)

पंपाला माझा विरोध नाही, मात्र तो टाकीच्या निकासावरच बसवावा. सरकारी नळाच्या वाहिनीला थेट पंप लावण्यास मनाई आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते ते वेगळेच. शिवाय पाणी वाहू लागल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या पंपाला आधी थोडा तरी प्रवाह लागतो. आपल्याकडे निथळणाऱ्या धारेवर तो सुरूच न होण्याची शक्यता आहे. वीज गेल्यावर टाकीचे पाणी पंपाला वळसा घालून यावे म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेसह) बायपास, म्हणजे पर्यायी पाइप, ठेवावा, आणि न्हाणीजवळचा पंप असल्यामुळे अर्थिंग व आरसीसीबीच्या (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचच्या) बाबतीत काटकसर करू नये. गीझर किती बार दाब सोसतो हेही त्याच्या पट्टीवर पाहून घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. दांडीतून पाणी भरून आले. जाळीवर टेफ्लॉनचा गुंडाळा आणि त्याखाली जांभ्या दगडाची तांबूस कच घट्ट बसलेली निघाली. ती धुतल्यावर मधल्या भोकांना चांगली धार आली आहे, परंतु कडेची भोके अजून थेंबथेंबच देतात. स्टँड आणखी मीटरभर उंच केल्यास भागेल का?

उत्तर (डिचोली)

मीटरभर उंचीने ०.१ बारच वाढेल, आणि त्यासाठी पाचशे किलो पाणी स्लॅबच्या आणखी वर, पावसाळी वाऱ्याच्या तोंडी ठेवावे लागेल. मी तसे करणार नाही. कमी दाबावर चालतो असे माहितीपत्रकात लिहिलेला तीन-चार इंची शॉवर घ्या. तेवढेच पाणी कमी भोकांतून आल्यामुळे धार एकवटते. त्यावरही समाधान झाले नाही तरच पंपाचा विचार करा. ती तांबूस कच विहिरीच्या पाण्यातून आलेली दिसते, तेव्हा विहिरीचा पाइप जिथे टाकीत सुटतो तिथे गाळणी बसवा आणि टाकीचा निकास तळापासून चार बोटे वर ठेवा.